हे हत्ती आहेत

फ्रान्समधील ओने या गावाचे नाव लिहिताना त्यात एक 'ल' येतो आणि बोलताना तो गळून पडतो. पश्चिम फ्रान्सच्या शारांत-मारितीम जिल्ह्यातले हे लहानसे गाव. जुन्या हिशेबाने पाहिले तर प्वातू आणि सँतोंज या दोन प्रांतांच्या सीमेवरचे. सीमेवरच्या गावांचे काय होते हे बेळगावकडच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. येथे १७९० मध्ये प्रांतच पुसले गेले, जिल्हे आले, कागद बदलले. गाव मात्र होते तिथेच राहिले. त्या गावाचे जे भूषण, ते संत पीटरचे चर्च, गावाच्या वस्तीत नाहीच. ते गावाबाहेर, दफनभूमीच्या मधोमध, सरूच्या उंच झाडांच्या सोबतीने उभे आहे. रोमन काळात प्वातिएहून सँतकडे जाणारा रस्ता येथून जात असे. पुढे मध्ययुगात त्याच वाटेने स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेला निघालेले लोक पायी जाऊ लागले. पॅरिसहून तूर, तूरहून प्वातिए, मग हे ओने, पुढे सँत, बोर्दो आणि शेवटी पिरेनीजचा घाट. पालखी जिथे विसावते त्या गावाला वारीत जे स्थान असते, तसेच काहीसे या वाटेवरच्या गावांचे समजावे. या यात्रामार्गाला युनेस्कोने १९९८ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला, त्यात ओनेचे चर्चही आहे.

आमची कन्या आणि जावईबापू काही वर्षे प्वातिएला होते. २०१९ च्या मे महिन्यात आमचा मुक्काम त्यांच्याकडे होता. प्वातिएहून ओने मोटारीने तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. जावईबापूंना रविवारची सुट्टी होती, नऊ वर्षांच्या नातीला शाळा नव्हती, आणि पॅरिसमधील सगळे पाहून आमचे पाय थकले असले तरी डोळे थकले नव्हते. एवढेच निमित्त. परंतु त्या दिवशी जे पाहिले, त्याने पॅरिसच्या कितीतरी भव्य गोष्टी मनातून पुसून टाकल्या, आणि एका दगडावरच्या तीन शब्दांनी तर आम्हांला आजतागायत सोडलेले नाही.

हे चर्च बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. साधारणपणे ११२० ते ११४० या काळात ते उभे राहिले असे अभ्यासक मानतात. ज्या शैलीत ते बांधले गेले तिला रोमनेस्क म्हणतात, फ्रेंचमध्ये नुसते 'रोमान'. हे नाव बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हते. १८१८ मध्ये शार्ल द जेर्व्हील नावाच्या नॉर्मंडीतील एका विद्वानाने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात ते सुचवले. त्याचे म्हणणे असे की, लॅटिन भाषा लोकांच्या तोंडी बिघडत बिघडत जशी फ्रेंच आदी भाषांना जन्म देती झाली, तशीच रोमनांची वास्तुकलाही लोकांच्या हाती बिघडून ही नवी कला झाली. म्हणजे आपल्या व्याकरणकारांच्या शब्दांत, अपभ्रंश. त्या गृहस्थाच्या मनात हा शब्द थोडा कमीपणाचाच असावा. पण प्राकृत आणि अपभ्रंशाच्या मांडीवर वाढलेल्या मराठीच्या लेकरांनी त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १०९३ मध्ये पूर्ण झालेले विष्णूचे देऊळ आहे. त्याचे नाव सहस्रबाहू. लोकांनी त्याचे 'सासबहू' करून टाकले. विष्णूचे हजार हात गेले आणि सासू-सून आल्या. ओनेच्या पाथरवटांचे आजे ज्या काळी दगड फोडत होते त्याच काळचे हे देऊळ, ही गोष्ट आम्हांला चर्चच्या दारात उभे असताना एकदम सुचली आणि ते परके दगड थोडे जवळचे वाटू लागले.

चर्चला दोन शिल्पमंडित दरवाजे आहेत, पश्चिमेचा आणि दक्षिणेचा. दक्षिणेचा पाहण्यासाठी लोक दुरून येतात. फ्रान्सच्या इतर भागांत, म्हणजे वेझले, ओतँ, कोंक अशा ठिकाणी, दाराच्या माथ्यावरचा अर्धवर्तुळाकार भाग मोठ्या शिल्पपटाने भरलेला असतो. मधोमध ख्रिस्त, भोवती जगाचा निवाडा. पश्चिमेकडच्या या प्रदेशात तो पट नसतो. सगळे काम एकात एक बसवलेल्या कमानींवर. ओनेच्या दक्षिण दारावर अशा चार कमानी आहेत, आतली लहान आणि बाहेरची मोठी. आपल्याकडच्या देवळाच्या द्वारशाखा ज्यांनी बारकाईने पाहिल्या असतील त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तेथे शाखा सरळ उभ्या असतात आणि येथे त्या वाकून एकमेकींना भेटतात.

कमान कशी बनते हे एकदा ध्यानात घेतले की या शिल्पांची गंमत कळते. पाचरीच्या आकाराचे दगड एकाशेजारी एक बसवत न्यायचे, मधल्या दगडाने ती साखळी आवळायची. मग दगडाचे वजनच दगडाला धरून ठेवते. ओनेच्या पाथरवटांनी मनाशी एक साधा नियम केला आणि तो बाहेरच्या कमानींवर बहुतेक पाळला: एका दगडात एक आकृती. सगळ्यांत आतल्या कमानीवर वेलबुट्टीत गुंतलेले प्राणी, दुसरीवर प्रभामंडळ असलेले संत. तिसरीवर मुकुट घातलेले वृद्ध राजे आहेत. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात देवाच्या सिंहासनाभोवती बसलेले, हातात वीणा आणि सुगंधाची पात्रे घेतलेले जे वडीलधारे वर्णिले आहेत, तेच हे. ग्रंथात त्यांची संख्या स्पष्ट चोवीस दिली आहे. येथे ते एकतीस आहेत.

सात वडीलधारे जास्त कुठून आले? याचा उलगडा विद्वानांनी आपापल्या परीने केला आहे. आमच्या अल्पमतीला एकच उत्तर पटते. कमान मोठी होती, दगड एकतीस लागले, आणि एका दगडात एक आकृती हा नियम मोडायचा नव्हता. धर्मग्रंथापेक्षा कमानीचा हिशेब त्या माणसाला जास्त खरा वाटला. देवाच्या दरबारात सात आसने वाढवून देणारा हा पाथरवट आम्हांला फार आवडला. पंगतीत आयत्या वेळी सात पाहुणे वाढले तर घरधनीण ज्या शांतपणे सात पाने जास्त मांडते, तोच शांतपणा या कमानीवर आहे. कुणाच्या चेहऱ्यावर दाटीवाटी झाल्याची तक्रार नाही. आणि या राजांच्या पायांखाली, कमानीच्या आतल्या अंगाला, लहान लहान माणसे बसवलेली आहेत. ती हात वर करून सारा भार पेलत असल्याचा आविर्भाव करतात. आपल्याकडे खांबांच्या माथ्यावर भारवाहक यक्ष असतात, त्यांचेच हे दूरचे भाऊबंद.

चौथ्या, सगळ्यांत बाहेरच्या कमानीवर संत नाहीत, राजे नाहीत. तेथे पशू आहेत, आणि पशू नसलेलेही बरेच काही आहे. घुबड आहे, बोकड आहे, माशाची शेपटी असलेली स्त्री आहे, आणि एक गाढव तंतुवाद्य वाजवत बसले आहे. नातीने ते गाढव सर्वांत आधी हेरले. गाढव आणि वाद्य ही जोडी फार जुनी. इराकमधील उर येथे उत्खननात सापडलेल्या, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका वीणेवरच्या जडावकामातही गाढव वाद्य वाजवताना दाखवले आहे. आपल्या पंचतंत्रातले गाढव रात्री शेतात गाऊ लागते आणि राखणदारांचा मार खाते. गाढवाला गुळाची चव काय, असे आपण म्हणतो. ग्रीक आणि रोमन लोक गाढवाला वीणेचे काय, असे म्हणत. शतकानुशतके हा विनोद देशोदेशी हिंडला आणि येथे येऊन चर्चच्या दारावर बसला. तोही कुठे, तर राजांच्या वरच्या कमानीवर.

हे सगळ्यांना रुचत होते असे समजू नये. याच काळात, ११२५ च्या सुमारास, क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार याने मठांतील असल्या विचित्र शिल्पांवर कडक टीका केली. अर्धे माणूस आणि अर्धे जनावर अशा आकृती ज्यांनी ग्रंथ वाचायचे त्या संन्याशांपुढे कशाला, असा त्याचा रोख होता. आणि मूर्खपणाची लाज वाटत नसेल तर निदान खर्चाची तरी वाटू द्या, असेही त्याने सुनावले. माणूस मोठा होता, तपस्वी होता, त्याच्या मुद्द्यात तथ्यही आहे. पण ज्या तन्मयतेने त्याने त्या चमत्कारिक प्राण्यांचे वर्णन केले आहे ते पाहता, स्वारी स्वतः बराच वेळ त्यांच्यापुढे उभी राहिली असावी असा आम्हांला दाट संशय आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

चर्चच्या आत शिरले की डोळ्यांना सावलीची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. तीन लांब दालने, जाड खांब, वर निमुळत्या घाटाचे दगडी छत. खांबांच्या माथ्यांवर कोरीव स्तंभशीर्षे आहेत. एकावर सॅमसनची कथा: डेलिला त्याला बांधते आहे आणि एक माणूस भल्यामोठ्या कात्रीने त्याचे केस कापतो आहे. ती कात्री मेंढ्यांची लोकर कातरायची वाटते. त्या पाथरवटाने कात्री रोज पाहिलेली होती हे उघड आहे. चर्चची आखणी क्रुसाच्या आकाराची असल्यामुळे त्याला दोन आडव्या भुजा आहेत. त्यांपैकी दक्षिणेच्या भुजेत गेलो, मान वर केली, आणि हत्ती दिसले.

तीन हत्ती. अंग जड, पाय जाड, सोंड खाली आलेली. दसऱ्याच्या मिरवणुकीतला हत्ती ज्याने लहानपणी लष्करच्या रस्त्यावर उभे राहून पाहिला आहे त्याला हे हत्ती पाहताना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. अंगलट थोडी बैलाची, बसकण थोडी डुकराची. चालीत तो डौल नाही, डोळ्यांत ते शहाणपण नाही. तरीही सोंड आहे, तेव्हा हत्तीच. आणि कुणाला शंका राहू नये म्हणून वरच्या पट्टीवर लॅटिनमध्ये कोरले आहे: हि सुंत एलेफान्तेस. हे हत्ती आहेत.

नातीने ती अक्षरे एकेक करून वाचली. शेवटच्या शब्दाचा अर्थ तिला फ्रेंचवरून लागला. मधला शब्द आम्ही तिला समजावला, कारण तो आमच्या ओळखीचा निघाला. ज्याने शाळेत संस्कृतचा धातू चालवला आहे त्याला 'सुंत' पाहिल्याबरोबर 'सन्ति' आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्ही एकाच मुळाची पाने आहेत. ग्वाल्हेरच्या शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेले 'अस्ति, स्तः, सन्ति' आयुष्याच्या संध्याकाळी फ्रान्सच्या एका खेड्यात, हत्तीच्या डोक्यावर भेटावे, हा योग पंचांगात दाखवता येणार नाही.

मग तिने विचारले, "आजोबा, हत्तीला 'हत्ती' असं कशाला लिहायचं?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर तसे नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने असे मत दिले होते की चर्चमधील चित्रे ही निरक्षरांची पोथी आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी भिंतीवर वाचावे. ते खरे धरले तर ही पाटी कुणासाठी? ज्याला वाचता येत नव्हते त्याला तिचा उपयोग नाही. ज्याला लॅटिन येत होते त्याला चित्राची फारशी गरज नाही. सॅमसनची गोष्ट सांगावी लागते, तिला नावे देणे समजण्यासारखे आहे. पण येथे गोष्ट नाही, उपदेश नाही. नुसते बोट दाखवणे आहे: हे. ते बोट आठशे वर्षांहून अधिक काळ तसेच रोखलेले आहे.

कोरणाऱ्याने हत्ती पाहिला नव्हता असे आम्हांला वाटते. पाहण्याचा संभवही फार थोडा. बगदादच्या हारून अल-रशीदने सम्राट शार्लमेनला अबुल-अब्बास नावाचा हत्ती भेट पाठवला, तो ८०२ मध्ये आखेनला पोहोचला आणि ८१० मध्ये मेला. म्हणजे ओनेचे चर्च बांधले जाण्याच्या तीनशे वर्षे आधी. त्यानंतरचा प्रसिद्ध हत्ती फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला १२५५ मध्ये दिला. तो लंडनच्या किल्ल्यात ठेवला होता आणि मॅथ्यू पॅरिस नावाच्या संन्याशाने त्याची चित्रे काढली. ती चित्रे पाहिली की गुडघे कसे वाकतात ते माणूस प्रत्यक्ष पाहतो आहे हे कळते. ओनेचा पाथरवट या दोन हत्तींच्या मधल्या काळातला. त्याच्या वाट्याला हत्ती आला नाही, हत्तीची वार्ता आली.

वार्ता दोन वाटांनी येत असे. एक वाट ग्रंथांची. प्राचीन ग्रीकमध्ये रचला गेलेला आणि पुढे लॅटिनमध्ये आलेला 'फिसिओलोगुस' नावाचा प्राण्यांचा ग्रंथ मठामठांत नकलून ठेवलेला असे. त्यात हत्तीला गुडघे नसतात, त्यामुळे तो झाडाला टेकून झोपतो, आणि शिकारी ते झाड अर्धे कापून ठेवतात म्हणजे झाडासकट हत्ती आडवा होतो, अशी हकिकत आहे. आपल्याकडचा माहूत हे ऐकून पोट धरून हसेल. दुसरी वाट कापडाची. पूर्वेकडून रेशमी वस्त्रे येत आणि संतांच्या अस्थी गुंडाळण्यासाठी चर्चमध्ये जपून ठेवली जात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात खुरासानात दहाव्या शतकात विणलेले एक वस्त्र आहे. त्यावर समोरासमोर उभे असलेले हत्ती आहेत. ते उत्तर फ्रान्समधील सँ-जोस येथील मठात सापडले. आखेनला शार्लमेनच्या थडग्यात ठेवलेल्या बायझंटाइन रेशमावरही वर्तुळात बसवलेला हत्ती आहे. ज्या कापडावर संताची हाडे निजतात त्यावर हत्ती असतो, तेव्हा हत्ती हा पवित्र आणि दूरचा प्राणी असणार, एवढे तरी त्या काळच्या माणसाला समजत असेल. कोष्ट्याने हत्ती पाहिला होता की नव्हता, देव जाणे. त्याने विणला तो सुताच्या हिशेबाने, चौकटीत बसेल असा. पाथरवटाने त्या हिशेबाचे दगडात भाषांतर केले. अशा प्रवासात गुडघे हरवतात, सोंड टिकते.

हे सगळे आम्ही नातीला तेथेच सांगितले असे नाही. त्या वेळी आमच्या मनात दुसरेच काही चालले होते.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानसिंहाच्या महालाला लागून एक दरवाजा आहे, त्याला हाथी पोल म्हणतात. येथे एक दगडी हत्ती होता, पाठीवर दोन स्वार बसलेला. १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला तेव्हा त्याने तो पाहिला आणि आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला. त्या हत्तीवरूनच दरवाजाला नाव पडले हेही त्याने लिहिले. आज तेथे हत्ती नाही. आमच्या लहानपणीही नव्हता. आजीचा हात धरून किल्ल्यावर गेलो की ती सांगायची, "हा हत्ती दरवाजा." आम्ही विचारायचो, "हत्ती कुठाय?" ती म्हणायची, "होता." ओनेला हत्ती आहे म्हणून नाव कोरावे लागले. ग्वाल्हेरला नाव राहिले आणि हत्ती गेला.

आमचे आडनाव एका गावावरून आलेले आहे, 'कर' प्रत्यय लागलेले, या अंकाच्या निम्म्याअधिक वाचकांचे असेल तसेच. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये लष्कर वसवले त्या सुमारास आमचे पूर्वज दप्तरात कारकुनीला लागले. ते गाव कोकणातले. तेथून निघालेल्या माणसाने ते पाहिले होते. त्याच्या सुनेने नवऱ्याच्या तोंडून ऐकले, तिच्या सुनेने तिच्या तोंडून, आणि आमच्या आजीने आपल्या सासूच्या तोंडून. आजीने कोकण पाहिले नव्हते. तरी उन्हाळ्याच्या दुपारी, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारता मारता, ती आम्हां मुलांना त्या गावाचे वर्णन करी. फणस फांदीला न लागता खोडालाच लागतो. घरे तांबड्या दगडाची असतात, त्याला चिरा म्हणतात. पावसाळ्यात समुद्र मागच्या पडवीपर्यंत येतो आणि बायका ओट्यावर बसून त्याला हळद-कुंकू वाहतात. ग्वाल्हेरच्या लूमध्ये होरपळणाऱ्या आम्हांला तो पडवीपर्यंत येणारा समुद्र फार हवाहवासा वाटे. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आम्ही त्या गावी गेलो. फणस खोडाला लागलेले होते. घरे चिऱ्याची होती. समुद्र तेथून आठ कोसांवर होता.

आजी खोटे बोलत नव्हती. तिच्याकडे जसा हत्ती आला तसा तिने तो कोरला. कुणा एका पिढीने समुद्र जवळ ओढून घेतला असावा. कोकण म्हटल्यावर समुद्र हवाच, जसा हत्ती म्हटल्यावर सोंड. आमची बोली तरी दुसरे काय आहे? पुण्याची माणसे आमच्या मराठीला हसतात, कारण तिच्यात हिंदी शिरली आहे. आणि त्याच वेळी असेही म्हणतात की तुमच्याकडे जे शब्द आहेत ते आम्ही आजोबांच्या पत्रांत वाचले होते. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथल्या मंडळींचा अनुभव निराळा नसेल. शब्द जपून ठेवलेला, वस्तू कधी न पाहिलेली. आमची नात 'पडवी' म्हणते. तिने पडवी पाहिलेली नाही. ती प्वातिएच्या तिसऱ्या मजल्यावर वाढली आणि सज्जाला पडवी म्हणते, कारण तिच्या आईने म्हटले, कारण आम्ही म्हटले. दक्षिण भुजेत मान वर करून उभे असताना आम्हांला ते तीन हत्ती एकाएकी आपल्या घरचे वाटले, आणि थोडी भीतीही वाटली. पाटी लावावी लागते तेव्हा वस्तू डोळ्यांआड गेलेली असते. पण पाटी लावली नसती तर त्या डुकराच्या बसकणीच्या जनावराला हत्ती कोण म्हणाले असते? नातीच्या त्या सज्जाला पडवी न म्हणता आणखी काही म्हणावे, असे तिला सांगायला आमची जीभ अजून वळलेली नाही.

आपले पाथरवट या बाबतीत फार वेगळे होते असेही नाही. हत्ती त्यांना दारचा, म्हणून वेरूळच्या कैलासाच्या जोत्याशी जे हत्ती आहेत त्यांना पाटीची गरज नाही. ते जिवंत आहेत. पण दख्खनच्या देवळांवरचे सिंह पाहावेत. आयाळीच्या जागी शेवयांच्या जुड्या, डोळे बटबटीत, जबडा मगरीसारखा. तो सिंह अरण्यातून आलेला दिसत नाही, पोथीतून आणि गुरूच्या हातातून आला आहे. ओनेच्या हत्तीला हसण्याआधी आपला सिंह पाहून घेतलेला बरा.

पश्चिमेचा दरवाजा आम्ही थोडा घाईनेच पाहिला. दुपार झाली होती आणि सौभाग्यवतींना सावली हवी होती. त्यावर ढाल आणि भाले घेतलेल्या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या पायांखाली राक्षस. हे सद्गुण आणि दुर्गुण यांचे युद्ध. इसवी सन ४०० च्या सुमारास प्रुदेन्तिउस या कवीने त्यावर काव्य रचले होते आणि पुढची सात-आठशे वर्षे शिल्पकारांनी ते पुरवले. लॅटिनमध्ये क्षमा, विनय, श्रद्धा हे शब्द स्त्रीलिंगी, म्हणून योद्धेही स्त्रिया झाल्या. आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना पाहून नुसते "महिषासुरमर्दिनी" म्हटले आणि विषय संपवला. या दाराच्या बाहेरच्या कमानीवर बारा राशी आणि बारा महिन्यांची शेतकामे आहेत. ती पावसाने बरीच झिजली आहेत. चुनखडीचा दगड मऊ असतो, छिन्नीला लवकर वश होतो आणि पावसालाही. आतले हत्ती छताखाली असल्यामुळे त्यांच्या पाटीची अक्षरे मात्र स्वच्छ वाचता येतात. फ्रेंच सरकारने १८४० मध्ये ऐतिहासिक वास्तूंची पहिली यादी केली तेव्हापासून या चर्चची देखभाल होत आली आहे.

निघण्यापूर्वी जावईबापूंनी आम्हांला चर्चच्या मागच्या बाजूला नेले. आपल्या गर्भगृहासारखा जो भाग, त्याची पूर्वेकडची भिंत बाहेरून गोलाकार आहे आणि तिच्या मधल्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना वेलींची नक्षी वर चढत जाते. त्या वेलींत माणसे आहेत. कुणाचा पाय अडकलेला, कुणाचा हात देठाला धरलेला, एकाच्या पाठीवर दुसरा. आमच्या मते साऱ्या ओनेमध्ये यासारखे दुसरे काम नाही. दक्षिणेचे दारही यापुढे थोडे बोलके, थोडे बाजारी वाटते. येथे एक अक्षरही कोरलेले नाही. ही माणसे वर चढताहेत की वेलींत सापडली आहेत, हे पुण्यात्मे आहेत की पापी, यावर मतभेद आहेत.

नात खाली गवतात बसून वर पाहत होती. दफनभूमीत पंधराव्या शतकातला एक उंच दगडी क्रूस आहे, त्याची सावली तिच्या पायांपर्यंत आली होती. ती म्हणाली, "आजोबा, ते आंबे उतरवतायत." दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरला आली असताना शेजारच्या वाड्यात आंबे उतरवताना तिने पाहिले होते, एक गडी फांदीवर, एक खोडाशी, आणि एक त्याच्या खांद्यावर पाय देऊन उभा. आम्ही पुन्हा नीट पाहिले. खांद्यावर पाय खरोखरच होता.